अर्ध्या टक्क्याचा न्याय

आपल्या मुलखात जन्मलेला एखादा माणूस परदेशात मोठे संशोधन करतो, तेव्हा आपल्याकडे त्याच्याविषयी दोनच ठरीव सूर निघतात. एक अभिमानाचा : हा आमचा माणूस. दुसरा हळहळीचा : असली माणसे आम्हाला टिकवून ठेवता येत नाहीत. डॉ. मनसुख वाणी ११ एप्रिल २०२० रोजी अमेरिकेत पंचाण्णव वर्षांचे होऊन वारले. टाळेबंदीचे दिवस होते, अशा बातमीकडे लक्ष जाण्याजोगी परिस्थिती नव्हती. पुढे ज्यांच्या लक्षात आली त्यांनीही या दोहोंपैकीच एक सूर लावला. दोन्ही सूर मला सारखेच पोकळ वाटतात. कारण या माणसाच्या कारकिर्दीतून जो खरा प्रश्न उभा राहतो, त्याला दोहोंपैकी कोणीच हात घालीत नाही. तो प्रश्न असा : कर्करोगावरचे औषध कोणाच्या श्रमातून, कोणाच्या पैशातून आणि कोणाच्या रानातून निर्माण होते, आणि शेवटी ते कोणाच्या मालकीचे होते?

माझ्यासारख्या अर्थशास्त्राच्या जुन्या शिक्षकाला रेणूंची रचना कळत नाही. हिशेब मात्र कळतो, आणि येथे हिशेबच पाहावयाचा आहे.

वाणींचा जन्म २० फेब्रुवारी १९२५ रोजी नंदुरबारला झाला. ते गाव तेव्हा पश्चिम खानदेशात मोडत असे. मराठी, गुजराती, अहिराणी आणि भिली या चार भाषा ज्या बाजारात एकाच सकाळी कानावर पडतात, असे ते गाव. मुंबई विद्यापीठातून १९४७ साली बी.एस्‌सी. आणि १९५० साली रसायनशास्त्रात एम.एस्‌सी. झाल्यावर ते मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात शिकवू लागले. तेहतिशीत, म्हणजे १९५८ साली, ते अमेरिकेस गेले. १९६२ साली इंडियाना विद्यापीठाची पीएच.डी. घेतली, आणि त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलिनामधील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूट या संस्थेत मन्रो वॉल या ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञाबरोबर कामास लागले. ही संस्था तेथील तीन विद्यापीठांच्या पुढाकाराने १९५८ साली निघालेली. भागधारकांना नफा वाटणारी कंपनी नव्हे. उरलेले सारे आयुष्य त्यांनी तेथेच घालविले. नोकऱ्या बदलल्या नाहीत, कंपनी काढली नाही. या दोघांनी मिळून वनस्पतींतून दोन द्रव्ये शोधून काढली : १९६६ साली जाहीर केलेले कॅम्प्टोथेसिन आणि १९७१ साली जाहीर केलेले टॅक्सॉल. बीजांडकोशाच्या, स्तनाच्या, फुप्फुसाच्या व मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर आज जगभर जी औषधे दिली जातात, त्यांतील कित्येकांचे मूळ या दोन द्रव्यांत आहे.

आता ही द्रव्ये सापडली कशी, ते पाहण्यासारखे आहे. पन्नासच्या दशकात वॉल अमेरिकी सरकारच्या कृषिखात्याच्या प्रयोगशाळेत नोकरीस होते. कॉर्टिझोन बनविण्यास उपयोगी पडेल असे द्रव्य कोणत्या वनस्पतीत मिळते का, हे पाहण्यासाठी ते खाते हजारो वनस्पतींचे अर्क काढीत होते. त्यांतील काही अर्क सरकारच्याच राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडे तपासणीस गेले, आणि चीनमधून आणलेल्या एका झाडाचा अर्क उंदरांच्या रक्तार्बुदावर परिणाम करतो असे दिसून आले. तेच कॅम्प्टोथेसिनचे बीज. टॅक्सॉलची कथाही तशीच. १९६२ साली वॉशिंग्टन राज्यातील एका सरकारी जंगलात कृषिखात्याच्या एका वनस्पतिशास्त्रज्ञाने पॅसिफिक यू नावाच्या झाडाची साल गोळा केली. लाकूडतोड्यांच्या लेखी ते झाड कुचकामाचे होते. मोठी झाडे तोडताना मध्ये आले तर जाळून टाकीत. त्या बारा किलो वाळल्या सालीलाकडातून वाणी आणि वॉल यांच्या हाती अखेर अर्धा ग्रॅम शुद्ध द्रव्य आले. अर्ध्या ग्रॅमसाठी वर्षानुवर्षे काम! हे काम दिपवणाऱ्या प्रतिभेचे नव्हे, ते अर्क काढण्याचे, गाळण्याचे, पुन्हा तपासण्याचे, निष्फळ निघाले की पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याचे काम आहे. १९६० नंतरच्या वीसेक वर्षांत राष्ट्रीय कर्करोग संस्थेने सुमारे ३५ हजार जातींच्या वनस्पती अशा तपासल्या. त्यांतून कामास आल्या त्या बोटांवर मोजण्याइतक्या. कोणता भांडवलदार इतका धीर धरील? ज्याचे वर्षाचे ताळेबंद भागधारकांपुढे ठेवावयाचे असतात, तो पस्तीस हजार वेळा नापास होण्याची तयारी ठेवू शकत नाही. ती ऐपत फक्त समाजाच्या तिजोरीची असते.

आणि १९७१ नंतरही वाट सरळ नव्हती. टॅक्सॉल पाण्यात विरघळत नाही, झाडातून मिळते अत्यल्प. म्हणून बरीच वर्षे ते बाजूला पडून होते. १९७९ साली न्यूयॉर्कच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात सुझन हॉर्विट्झ यांनी ते पेशीच्या विभाजनास कसे अडवते याचे गमक दाखविले, आणि पुन्हा गती आली. कॅम्प्टोथेसिनच्या रुग्णांवरील चाचण्या तर सत्तरीच्या आरंभी थांबवाव्या लागल्या होत्या, इतके ते मूत्राशयाला त्रासदायक ठरले. ते पेशीतील नेमक्या कोणत्या विकरावर घाव घालते हे १९८५ साली उमगले. त्याचे सुधारलेले अवतार, इरिनोटेकान आणि टोपोटेकान, बाजारात यावयास नव्वदीचे दशक उजाडले. झाडापासून सलाईनच्या बाटलीपर्यंत तीस वर्षे, अनेक देश, शेकडो माणसे. या साखळीत 'शोध कोणाचा?' असे विचारले तर प्रामाणिक उत्तर एकच : पुष्कळांचा.

पण मालकीच्या बाबतीत उत्तर फार सोपे निघाले. १९९१ साली अमेरिकी सरकारने टॅक्सॉल पुढे नेण्यासाठी ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या बहुराष्ट्रीय कंपनीशी करार केला. तोवरच्या चाचण्यांची माहिती कंपनीच्या स्वाधीन झाली, सरकारी जंगलांतील यू वृक्षांच्या सालीवर तिला अग्रहक्क मिळाला. १९९२ च्या डिसेंबरात औषधाला परवानगी मिळाली. द्रव्य वीस वर्षांपूर्वीच जगजाहीर झालेले असल्यामुळे त्या द्रव्यावर पेटंट मिळण्याजोगे नव्हते. तेव्हा कायद्याने दिलेली पाच वर्षांची मक्तेदारी कामास आली, आणि ती सरत आली तशी औषध देण्याच्या पद्धतीवरील पेटंटे पुढे करण्यात आली. स्वस्त पर्यायी औषधे अमेरिकेत यावयास २००० साल उजाडले. आणि आणखी एक गोष्ट, जी वाचून मला आधी खरी वाटेना. 'टॅक्सॉल' हे नाव वॉल यांनी ठेवलेले, १९७१ पासून शास्त्रीय ग्रंथांत रूढ झालेले. ते नावच कंपनीने आपले व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून घेतले; आणि साऱ्या शास्त्रज्ञांना त्या द्रव्यासाठी 'पॅक्लिटॅक्सेल' हे नवे नाव वापरणे भाग पडले. पोर ज्यांचे, त्यांनीच त्याला परक्या नावाने हाक मारावी, असा हा प्रकार.

आता आकडे. अमेरिकी काँग्रेसच्या हिशेब-तपासणी कचेरीने २००३ साली या प्रकरणाचा अहवाल दिला. त्यानुसार २००२ अखेरपर्यंत अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी टॅक्सॉलसंबंधी संशोधनावर ४८ कोटी ४० लक्ष डॉलर खर्च केले होते. कंपनीची त्या औषधाची जगभरची विक्री झाली ९०० कोटी डॉलरची. आणि सरकारी संस्थांना स्वामित्वशुल्क मिळाले ३ कोटी ५० लक्ष डॉलर. करारातला दर होता अर्धा टक्का. प्रत्यक्षात पडले ते एकूण विक्रीच्या शंभर रुपयांत चाळीस पैशांहूनही कमी. एवढ्यावर थांबत नाही. वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्यातून १९९४ ते १९९९ या सहा वर्षांत याच औषधापोटी ६८ कोटी ७० लक्ष डॉलर मोजले गेले. म्हणजे जनतेने शोधासाठी एकदा पैसे दिले आणि शोधलेली वस्तू विकत घेण्यासाठी दुसऱ्यांदा दिले, आणि दुसऱ्यांदा दिलेली रक्कम पहिलीहून मोठी होती.

येथे आपले विरोधक नेहमीचा मुद्दा काढतील : नफा नसेल तर औषध बाजारात येणार नाही, मोठ्या प्रमाणावर उत्पादन, चाचण्या, जोखीम या गोष्टी कंपन्याच करतात. कंपनीने काहीच केले नाही असे मी म्हणत नाही. शेवटच्या टप्प्यावर तिने खर्च केला, उत्पादन उभे केले. त्याचा योग्य मोबदला तिला मिळावा. पण अर्थशास्त्रात मोबदला आणि खंड या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे रिकार्डोपासून प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकवितात. श्रम आणि भांडवल यांचा परतावा मिळून गेल्यावरही केवळ दारात उभे राहण्याच्या हक्कापोटी जे घेतले जाते तो खंड. जमीनदार जमीन निर्माण करीत नाही. तो तिच्या दाराशी बसतो. पेटंटधारी कंपनी बहुशः रेणू निर्माण करीत नाही. ती त्याच्या दाराशी बसते. आणि सौदा नीट केला तर काय होते याचे उदाहरणही याच कथेत आहे. सालीवाचून टॅक्सॉल बनविण्याची पद्धत फ्लोरिडा राज्य विद्यापीठात शोधली गेली. तेही सार्वजनिक विद्यापीठच. त्याने कंपनीशी घासाघीस केली आणि केंद्र सरकारच्या संस्थांना मिळाले त्याच्या कितीतरी पट शुल्क मिळविले. म्हणजे अर्धा टक्का हा निसर्गनियम नव्हता. तो दुबळ्या, किंवा मुद्दाम दुबळे राहिलेल्या, सौदेबाजीचा भाव होता.

वाचक विचारतील, हे सारे नॉर्थ कॅरोलिनाचे पुराण मावळातल्या कार्यकर्त्यांनी का ऐकावे? कारण या कथेचा दुसरा अंक आपल्या घाटात घडला आहे.

कॅम्प्टोथेसिन ज्या चिनी झाडात सापडले त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात ते सह्याद्रीतल्या एका झाडात आहे. ते झाड म्हणजे नरक्या. पावसाळी घाटमाथ्यावरच्या सदाहरित रानात, खंडाळ्यापासून ताम्हिणी, महाबळेश्वर, आंबोलीपर्यंत आणि पुढे केरळापर्यंत ते आढळते. झाड लहानखुरे, फुले पिवळट, आणि वास असा की नाव नरक्याच पडावे. वनस्पतिशास्त्रज्ञांनीही एके काळी त्याला दुर्गंधी या अर्थाचेच लॅटिन नाव दिले होते. त्याचे आजचे शास्त्रीय नाव जेथून आले, तो जॉन ग्रॅहमचा मुंबई परिसरातील वनस्पतींचा कोश १८३९ सालचा. ग्रॅहम टपालखात्यातला अधिकारी, आणि कोश पुरा छापून होण्यापूर्वीच त्याच वर्षी खंडाळ्यास वारला. म्हणजे आपल्या या डोंगराशी त्या झाडाच्या शास्त्रीय इतिहासाचे नाते तसे जुनेच आहे. १९७२ साली मुंबईत गोरेगाव येथील सिबा संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी व विश्वनाथन यांनी नरक्यात कॅम्प्टोथेसिन असल्याचे दाखवून दिले. शास्त्रज्ञ आपले, झाड आपले, प्रयोगशाळा मात्र स्वित्झर्लंडच्या कंपनीची. हा तपशीलही बोलका आहे.

पुढे इरिनोटेकान आणि टोपोटेकान यांना जगभर मागणी आली, तसा या दुर्गंधी झाडाला भाव आला. नावही बदलले : नरक्याची झाली अमृता! द्रव्य मुळांत, खोडात, सालीत साठलेले असल्याने व्यापाऱ्याला पाने पुरत नाहीत. झाडच मुळासकट काढावे लागते. दक्षिण कोकण व कोल्हापूरकडच्या घाटांत वनखात्याने या झाडाची चोरटी तोड आणि वाहतूक पुन्हा पुन्हा पकडली. पकडला जातो तो कोण? कुऱ्हाड चालविणारा मजूर, किंवा टेम्पोचा चालक. ज्याच्या गोदामासाठी हा माल निघाला त्याचे नाव बातमीत क्वचितच येते. मजुराला दाम मिळतो तो किलोवर, रेणूवर नव्हे. तो जे विकतो ते त्याच्या लेखी सरपणाची मोळी असते. तिच्यातून पुढे जे निघते त्याचे मोजमाप मिलिग्रॅममध्ये होते. मोळी आणि मिलिग्रॅम यांच्यामधले सारे अंतर हा दुसऱ्या कोणाचा नफा. आणि झाड संपले की 'आदिवासींनी जंगल खाल्ले' असे म्हणावयास सारे मोकळे.

मावळला हा व्यवहार नवा नाही, म्हणूनच मी मावळचे नाव काढतो. या तालुक्याची संपत्ती घाटाखाली उतरवून नेण्याचा उद्योग शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. लोणावळा, वळवण, शिरोता येथे पाणी अडवून ते खोपोलीकडे सोडण्यात आले आणि १९१५ पासून त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. भीमेच्या खोऱ्यातले पाणी कोकणात उतरले. मावळच्या वाड्या कितीतरी वर्षे कंदिलावरच राहिल्या. शेजारच्या मुळशी पेट्यात १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तो याच न्यायाविरुद्ध. धरण झालेच. आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी, क्रांतिदिनी, पवनेच्या पाण्याची बंद नळयोजना नको म्हणून बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि तिघे जिवानिशी गेले. पाणी नेले तेव्हा 'राष्ट्राच्या विकासासाठी' म्हटले, जमीन नेली तेव्हा 'पर्यटनासाठी' म्हटले. आता रानातली साल आणि बी न्यावयाची वेळ आली की 'मानवजातीच्या आरोग्यासाठी' म्हणतील. मानवजातीच्या आरोग्यास आपला विरोध असण्याचे कारण नाही. पण त्या मानवजातीत अंदर मावळातला ठाकर, नाणे मावळातला कातकरी, पवन मावळातला कोळी येतो की नाही, एवढेच विचारावयाचे आहे.

यावर आपल्यातीलच काही मित्र म्हणतात, पेटंट, औषधाच्या किमती हे शहरी मध्यमवर्गाचे प्रश्न. आपण रोजगार हमी आणि रेशन सांभाळावे. हे मला मुळीच मान्य नाही. कर्करोग पगारदाराच्या घरी येतो तेव्हा विमा असतो, रजा असते, मुंबईत नातेवाईक असतो. तो शेतकऱ्याच्या घरी येतो तेव्हा सातबारा बाहेर निघतो. आणि मावळात सातबारा बाहेर निघण्याची वाट पाहत बंगल्यांचे दलाल उभेच असतात. औषधाची किंमत हा जमिनीच्या हस्तांतराचा प्रश्न आहे. ज्यांना जमिनीचा प्रश्न कळतो त्यांना तो कळला पाहिजे.

शिवाय या आघाडीवर आपण नेहमी हरलो आहोत असे नाही. १९७० चा पेटंट कायदा, जो १९७२ च्या एप्रिलात अमलात आला, त्याने औषधाच्या द्रव्यावर पेटंट देणेच बंद केले. फक्त बनविण्याच्या पद्धतीवर, तेही थोड्या वर्षांसाठी ठेवले. भारतीय औषधउद्योग त्या पायावर उभा राहिला. १९८४ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहकार्याने सिप्ला या देशी कंपनीने सदाफुलीतून मिळणारी व्हिन्ब्लास्टिन व व्हिन्क्रिस्टिन ही कर्करोगावरची औषधे बनविली. सदाफुली, जी मावळातल्या प्रत्येक अंगणात विनासायास उगवते! सरकारी प्रयोगशाळा आणि पेटंटमुक्त द्रव्य असले म्हणजे काय साधते, याचा हा दाखला पुण्यातलाच आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या दडपणाखाली २००५ साली द्रव्यावरचे पेटंट आपण परत आणले, तरी डाव्या पक्षांच्या आग्रहामुळे काही कुंपणे शिल्लक राहिली. त्यांतील एका कुंपणाशी, कलम ३ (ड) शी, ग्लिवेक या रक्ताच्या कर्करोगावरील औषधाचे पेटंट अडले. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने त्यास विरोध नोंदविला होता, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचे म्हणणे फेटाळले. त्याआधी मार्च २०१२ मध्ये बायर कंपनीच्या मूत्रपिंड व यकृताच्या कर्करोगावरील औषधासाठी हैदराबादच्या नॅट्को कंपनीला सक्तीचा परवाना देण्यात आला. महिन्याचा खर्च दोन लाख ऐंशी हजार रुपयांवरून ८,८८० रुपयांवर आला. औषध तेच, रेणू तोच. जो फरक पडला तो सारा खंडाचा होता. एवढा लखलखीत प्रयोग अर्थशास्त्राच्या वाट्यास क्वचित येतो.

मग पुढे काय झाले? त्या एका परवान्यानंतर दुसरा सक्तीचा परवाना देण्याचे धाडस सरकारला झाले नाही. आणि ज्यांनी ही औषधे स्वस्तात बनवावयाची त्या सार्वजनिक कारखान्यांचे काय केले, ते पिंपरीला जाऊन पाहावे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना १९५४ साली उभा राहिला, पुढच्याच वर्षी तेथून देशी पेनिसिलिन निघू लागले, तेथल्या संशोधकांनी स्वतःची नवी प्रतिजैविके शोधली. नव्वदीत तो आजारी घोषित झाला. २०१६ च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने ठरविले की त्याची जादा जमीन विकून देणी भागवावीत आणि कारखाना खासगी हातांत द्यावा. कर्करोगाचे औषध बनवू शकणाऱ्या कारखान्याची किंमत त्याच्या जमिनीवरून ठरली! ज्या मावळात लोकांनी दिलेल्या एकेका पैशातून १९०८ साली तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला, त्याच्या उंबरठ्यावर ही गोष्ट घडली.

रानाच्या बाजूचा हिशेबही याहून वेगळा नाही. २००२ साली आपण जैवविविधता कायदा केला. रानातले द्रव्य घेऊन जो धंदा करील त्याने स्थानिक लोकांना वाटा द्यावा, गावोगाव समित्या असाव्यात, प्रत्येक गावाची लोकजैवविविधता नोंदवही असावी, असे त्यात म्हटले आहे. कल्पना उत्तम. पण २०१४ च्या नियमांत वस्तूच्या विक्रीवर वाटा किती ठेवला? दशांश एक टक्क्यापासून जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्यापर्यंत. तोच अर्धा टक्का! अमेरिकी सरकारला टॅक्सॉलपोटी जो दर मिळाला, नेमका तोच आमच्या कायद्याने गावाला देऊ केला. तोही देशी कंपन्यांना नको होता. २०१८ च्या डिसेंबरात उत्तराखंड उच्च न्यायालयाने दिव्य फार्मसीच्या खटल्यात सांगितले की भारतीय कंपनीलाही वाटा द्यावाच लागेल. त्यानंतर २०२३ साली कायदाच सैल करण्यात आला : ग्रंथांत नोंदलेल्या पारंपरिक ज्ञानाचा वापर, लागवडीतली औषधी झाडे यांना सूट, आणि कायदा मोडणाऱ्यास तुरुंगाऐवजी दंड. न्यायालयाने जे दार बंद केले त्याच्या शेजारी संसदेने खिडकी उघडून दिली. कुऱ्हाड चालविणाऱ्या मजुराला वनकायद्याखाली पूर्वीसारखाच तुरुंग आहे, हे येथे नमूद करून ठेवतो.

डॉ. वाणींविषयी माझ्या मनात आदरच आहे. २००० साली त्यांना आणि वॉल यांना कर्करोग संशोधनासाठी केटरिंग पारितोषिक मिळाले. तेव्हा एक पंचाहत्तरीत होते, दुसरे ऐंशीच्या पुढे. टॅक्सॉल जाहीर केले तेव्हा त्यांनी ते सर्वांसाठी जाहीर केले. 'असली माणसे टिकत नाहीत' म्हणून हळहळणाऱ्यांना मला इतकेच विचारावयाचे आहे की, ते येथे राहिले असते तर त्यांना पस्तीस हजार वनस्पती तपासावयास कोणी दिल्या असत्या? आपल्या विद्यापीठांतून रसायनशास्त्राच्या अध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत, तासिका तत्त्वावर तरुण राबतात. माणूस परदेशी जातो म्हणून विज्ञान जात नाही. सार्वजनिक विज्ञान मोडले म्हणून माणूस जातो.

आता करावयाच्या गोष्टी. पॅक्लिटॅक्सेल आणि इरिनोटेकान दोन्ही अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत. २०१९ च्या फेब्रुवारीत सरकारने कर्करोगाच्या ४२ औषधांवर व्यापारी नफ्याची ३० टक्के मर्यादा घातली, तेव्हा काहींच्या किमती निम्म्याहून खाली आल्या. केवळ मधल्या व्यापाऱ्यांचा नफा केवढा होता ते त्यावरून कळते. ही मर्यादा सर्व औषधांना, तीही उत्पादनखर्चाच्या पायावर, लावण्याची मागणी पक्षाने लावून धरली पाहिजे. पिंपरीच्या कारखान्याची जमीन विकण्याऐवजी तेथे कर्करोगाची औषधे बनवावीत, ही मागणी कामगार संघटनांच्या हाती एकट्या न सोडता मावळ-पिंपरीच्या नागरिकांची मागणी झाली पाहिजे.

मावळातील कार्यकर्त्यांकडून मात्र माझी अपेक्षा याहून लहान आणि याहून निकडीची आहे. मावळात नरक्याची संख्या मोठी नसावी. म्हणूनच ती मोजणे सोपे आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात पुणे जिल्ह्यातील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा गावाने धरलेल्या निर्बंधावर रान कसे टिकते ते जगापुढे आले. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा हक्क वननिवासींना दिला आहे, आणि जैवविविधता समिती ही ग्रामपंचायतीची वैधानिक समिती आहे. तेव्हा येत्या ग्रामसभेत प्रत्येक गावी तीन प्रश्न लेखी विचारावेत. आपल्या गावची लोकजैवविविधता नोंदवही कोठे आहे आणि ती कोणी भरली? तिच्यात नरक्याची, बिब्ब्याची, हिरड्याची नोंद आहे काय? आणि आपल्या हद्दीतून गेल्या पाच वर्षांत कोणत्या व्यापाऱ्याने कोणत्या परवान्यावर काय नेले? पुष्कळ ठिकाणी ही वही पुण्याच्या एखाद्या ठेकेदाराने एका बैठकीत भरलेली आढळेल. तशी आढळल्यास ती नाकारण्याचा ठराव करावा, ठाकर-कातकरी वाड्यांतील जाणत्या बायामाणसांना सोबत घेऊन ती नव्याने लिहावी, आणि तिची एक प्रत तहसीलदारांकडे व एक पक्षाच्या वडगावच्या कचेरीत ठेवावी.